मेडिकल डिव्हाइसच्या रिलायबिलिटी लॅबमधली इंटर्नशिप : मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांसाठी

मेडिकल डिव्हाइस म्हटलं की मेकॅनिकलच्या मुलांना वाटतं, हे बायोमेडिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं क्षेत्र. पण पुन्हा पुन्हा वापरायचा इन्सुलिन पेन उघडून बघा. आत स्क्रू, रॅचेट, स्प्रिंग आणि मोल्डिंगचे एकात एक बसणारे पार्ट दिसतील. कृत्रिम सांधा म्हणजे लोड झेलणारं बेअरिंग, हृदयाची झडप म्हणजे आयुष्यभर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह. यातलं काहीही रुग्णाच्या हातात किंवा शरीरात जाण्याआधी ते किती काळ आणि किती वेळा नीट चालेल, हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं. तो पुरावा रिलायबिलिटी लॅबमध्ये तयार होतो.

वस्तू तोडणं कुणालाही जमतं. ती ‘तुटली’ असं कधी म्हणायचं, किती नमुन्यांवरून म्हणायचं आणि आपलं मापन खरं कशावरून, या तीन प्रश्नांवर इंटर्नचा कस लागतो. या लेखात उदाहरण म्हणून इन्सुलिन पेनच धरला आहे, कारण तो स्वस्त आहे, हाताशी मिळतो आणि त्यात मेकॅनिकलचे जवळजवळ सगळे विषय येतात.

कुठे शोधायचं आणि काय शिकून जायचं

महाराष्ट्रातल्या मुलांना जवळचं म्हणजे पुणे-चाकण. फिलिप्सचं हेल्थकेअर इनोव्हेशन सेंटर तिथेच आहे. थोडं पुढे वापीत वैद्यकीय उपकरणं बनवणारी मेरिल, सुरतेत स्टेंट बनवणारी सहजानंद. हैदराबादला मेडट्रॉनिकचं इंजिनिअरिंग केंद्र आणि बंगळुरूला विप्रो जीई व सीमेन्स हेल्थिनीअर्स आहेत. विशाखापट्टणमच्या मेडटेक झोनमध्ये एकाच आवारात उत्पादक आणि चाचणी प्रयोगशाळा दोन्ही आहेत. शैक्षणिक बाजूने आयआयटी मुंबईचं वैद्यकीय उपकरणांवर काम करणारं केंद्र ‘बेटिक’ आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था नक्की बघा. नावाजलेल्या कंपनीत जागा नाही मिळाली तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या चाचणी प्रयोगशाळांना लिहा. तिथे वेगवेगळी उपकरणं हाताखालून जातात. माझ्या मते पहिल्या इंटर्नशिपला हा सौदा वाईट नाही.

अर्जात ‘टीम प्लेअर’, ‘क्विक लर्नर’ वगैरे लिहिण्यापेक्षा एक छोटा प्रयोग दाखवा. स्टेशनरीच्या दुकानातून खटक्याची तीस बॉलपेनं आणा, स्वस्तातली मोटर आणि कॅम लावून खटका मारणारा रिग बनवा, काउंटर लावा आणि किती खटक्यांनंतर कोणतं पेन गेलं याची नोंद ठेवा. त्या आकड्यांवर वायबुल प्लॉट (किती वापरानंतर किती टक्के पीस बिघडतात, ते दाखवणारा आलेख) काढून दोन पानांत मांडा. मुलाखत घेणाऱ्याला मग विचारायला विषय मिळतो, तुम्हाला सांगायलाही.

अभ्यासक्रमातलं काय लागतं? फटीग (वारंवार लोड येऊन तुटणं), टॉलरन्स स्टॅक-अप (जोडलेल्या पार्टच्या मापांतल्या फरकांची बेरीज), प्लास्टिकचं क्रीप (सततच्या लोडखाली हळूहळू वाकणं) आणि थोडी संख्याशास्त्राची समज. सॉलिड मॉडेलिंग येतंच, असं धरून चाललेलं असतं. पायथन किंवा निदान एक्सेल नीट आलं पाहिजे.

पहिला आठवडा : कागद

पहिल्या आठवड्यात मशीनला हात लावायला मिळणार नाही. वैतागू नका. क्वालिटी सिस्टिमचं ट्रेनिंग पूर्ण झाल्याची सही असल्याशिवाय तुम्ही घेतलेलं रीडिंग धरलंच जात नाही.

या काळात चार गोष्टी वाचून काढा. आयएसओ १३४८५ हे क्वालिटी मॅनेजमेंटचं मानक. सध्याची आवृत्ती २०१६ची, आणि अमेरिकेच्या एफडीएनेही (औषधं व उपकरणांची नियामक संस्था) फेब्रुवारी २०२६पासून आपले नियम त्यावर बेतले आहेत. आयएसओ १४९७१ जोखीम व्यवस्थापनाचं, आवृत्ती २०१९ची. तिसरं तुमच्या उपकरणाचं स्वतःचं मानक : सुई लावून वापरायच्या पेनसाठी आयएसओ ११६०८ची मालिका, एकदा वापरून टाकायच्या सिरिंजसाठी आयएसओ ७८८६, विजेवर चालणाऱ्या उपकरणांसाठी आयईसी ६०६०१. चौथा आपला देशी कायदा, मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७. त्यात उपकरणांचे जोखमीनुसार ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. ए आणि बीच्या उत्पादनाचा परवाना राज्य पातळीवर मिळतो, सी आणि डीचा केंद्राकडून, म्हणजे सीडीएससीओकडून.

सगळं पाठ करायचं नाही. आपल्या उपकरणाची डिझाइन एफएमईए, म्हणजे काय बिघडू शकतं आणि त्याचा परिणाम काय याचा तक्ता, उघडा, सगळ्यांत गंभीर परिणाम असलेल्या ओळी शोधा आणि प्रत्येक ओळीपुढे कोणती चाचणी लिहिली आहे ते बघा. एखाद्या गंभीर ओळीपुढे चाचणीच नसेल तर आठवड्याच्या शेवटी मेंटॉरला तेवढंच विचारा. तुम्ही कामाचे आहात हे त्यांना तिथेच कळतं.

एजिंगचे नमुने आधी ओव्हनमध्ये घाला

एजिंग म्हणजे नमुने मुद्दाम म्हातारे करणं. चाचणीच्या क्रमात हे पुढे येत असलं तरी काम म्हणून आधी उरकायचं असतं. उपकरण किंवा त्याचं पॅकिंग दोन वर्षं टिकेल असा दावा असेल तर दोन वर्षं थांबणं कुणालाच परवडत नाही. म्हणून एएसटीएम एफ १९८० या मानकाप्रमाणे तापमान वाढवून काळ आखडता घेतात. नेहमीचं गृहीतक असं की तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक बदलांचा वेग दुप्पट होतो. साठवण २५ अंशांना आणि ओव्हन ५५ अंशांना असेल तर फरक ३० अंशांचा, म्हणजे वेग आठपट. दोन वर्षांचे ७३० दिवस भागिले ८ म्हणजे ९१ दिवस आणि काही तास. तुमची इंटर्नशिप सहा महिन्यांची असेल तर नमुने पहिल्या पंधरवड्यात आत गेले तरच परिणाम तुमच्या डोळ्यांसमोर येईल.

दोन खबरदाऱ्या. तापमान अजून वाढवून वेळ वाचवू, असा मोह होतो. पण प्लास्टिक मऊ पडायच्या तापमानाजवळ गेलात तर जे खऱ्या वापरात कधी घडणार नाही तेच तुम्ही घडवाल. सर्वसाधारणपणे ६० अंशांच्या वर जात नाहीत. आणि ओव्हनमध्ये पार्ट धरायला थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकचा स्टँड बनवू नका. पीएलए साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ होतं. ५५ अंशांना, वर वजन असताना, तो स्टँड हळूहळू वाकतो. ॲल्युमिनियम वापरा. वेगाने म्हातारे केलेल्या नमुन्यांबरोबर काही नमुने साध्या तापमानालाही ठेवतात, म्हणजे गृहीतक खरं होतं का ते पुढे पडताळता येतं.

बिघाड म्हणजे काय, ते आधी लिहा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. चाचणी सुरू झाल्यावर ‘हे फेल धरायचं का?’ असा प्रश्न पडला तर प्रोटोकॉल, म्हणजे चाचणीची लेखी पद्धत, कच्चा आहे. कारण त्या क्षणी उत्तर देणाऱ्याच्या मनात डेडलाइन असते, रुग्ण नसतो.

पेनचं घेऊ. १०० युनिट प्रति मिलिलिटरचं इन्सुलिन असेल तर १ युनिट म्हणजे ०.०१ मिलिलिटर, वजनात जवळपास १० मिलिग्रॅम. १० युनिट लावले तर ९ ते ११च्या आत यायला हवेत, ६० लावले तर ५७ ते ६३. डोस या हद्दीबाहेर गेला की बिघाड, हे सोपं. पण बटण दाबायला लागणारा जोर हळूहळू वाढत गेला तर? संधिवात असलेल्या सत्तरीच्या बाईंना तो पेन निरुपयोगीच झाला, डोस अचूक असला तरी. डायल फिरवतानाचा ‘टिक’ आवाज गेला तर? डायबिटीसमुळे दृष्टी अधू झालेले काही रुग्ण हे आवाज मोजतात, माहितीपत्रक तसं करू नका म्हणत असलं तरी. डायलवरचे आकडे घासून पुसट झाले तर ८ आणि ३मध्ये गल्लत होऊ शकते.

म्हणून प्रत्येक बिघाडासाठी तीन गोष्टी लिहायच्या : काय मोजणार, कोणत्या साधनाने मोजणार आणि हद्द किती. ‘बटण घट्ट वाटणे’ ही हद्द झाली नाही. ‘ठरवलेल्या वेगाने दाबताना कमाल जोर इतक्या न्यूटनपेक्षा जास्त’ ही झाली. न्यूटनचा आकडा मनाने टाकायचा नाही. तो वापरणाऱ्यांच्या हाताच्या ताकदीवरून आणि जोखमीच्या फाइलमधून येतो.

लोडही रुग्णाकडूनच येतो. ब्यॉर्क-शायली कॉन्व्हेक्सो-कॉन्केव्ह ही हृदयाची झडप १९७९ ते १९८६ या काळात जगभर विकली गेली. सुमारे ८६,००० रुग्णांना ती बसवली होती. तिच्यातली चकती अडवणारा एक तारेचा टेकू वेल्डिंगने जोडलेला होता. काही झडपांमध्ये चकती मिटताना अपेक्षेपेक्षा जास्त फिरायची आणि टेकूच्या टोकावर आदळायची. तिथला बेंडिंग लोड वाढून वेल्डजवळ फटीगने भेग जायची. शेकडो झडपा तुटल्या आणि त्यातले बरेच रुग्ण दगावले. किती सायकल (उघडझापीच्या फेऱ्या) चालवायच्या याच्याइतकाच प्रत्येक सायकलमध्ये नेमका कोणता लोड लागतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे या प्रकरणाइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. श्री चित्रा संस्थेत आपल्याकडची झडप तयार होत होती तेव्हा आधीची मॉडेलं चाचण्यांमध्ये बाद झाली. कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट आणि अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनची चकती हे रूप टिकलं, आणि डिसेंबर १९९०मध्ये ती झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली.

झडपांच्या लॅबमध्ये गेलात तर धीर धरा. मिनिटाला ७० ठोके धरले तर वर्षाला पावणेचार कोटींच्या आसपास सायकल होतात. कडक झडपांसाठी ४० कोटी सायकल चालवतात. सेकंदाला १५ सायकल या वेगानेही त्याला दहा महिने लागतात. तुम्हाला त्यातला मधला तुकडा दिसेल.

नमुने किती? ५९ कुठून आले?

लॅबमध्ये २९, ५९, २९९ हे आकडे सारखे कानावर पडतील. ते कुणी हवेतून काढलेले नाहीत.

समजा उत्पादनातले ९५ टक्के पीस चांगले आहेत. एक उचलला तर तो चांगला निघण्याची शक्यता ०.९५. दोन उचलले तर ०.९५ गुणिले ०.९५. असं ५९ वेळा गुणलं की उत्तर ०.०५च्या खाली येतं. म्हणजे माल खरंच ९५ टक्के किंवा त्याहून कमी चांगला असता, तर सलग ५९ पीस पास होण्याची शक्यता पाच टक्क्यांपेक्षाही कमी होती. म्हणून ५९ पैकी शून्य फेल असतील तर आपण ९५ टक्के खात्रीने म्हणतो की रिलायबिलिटी निदान ९५ टक्के आहे. खात्री तीच ठेवून ९० टक्के रिलायबिलिटी दाखवायची तर २९ पीस पुरतात, ९९ टक्के दाखवायची तर २९९ लागतात. कोणता आकडा घ्यायचा हे बजेट ठरवत नाही, बिघाडाचा रुग्णावर होणारा परिणाम ठरवतो. निदान तसं असायला हवं.

एक फेल झाला तर? ‘त्या जागी दुसरा घेऊ’ हे उत्तर नाही. एक फेल चालेल असं आधीच लिहिलं असेल तर ५९च्या जागी ९३ पीस लागतात. आधी लिहिलं नसेल तर कारण शोधणं आलं.

आकडा मोजता येत असेल तर निव्वळ पास-फेल लावून माहिती वाया घालवू नका. ३० पेनांचा सरासरी डोस १०.०२ युनिट आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ०.२५ आलं, असं धरा. ९५ टक्के खात्री आणि ९५ टक्के मालासाठी दोन्ही बाजूंचा टॉलरन्स फॅक्टर (सरासरीच्या दोन्ही बाजूंना किती स्टँडर्ड डेव्हिएशन घ्यायची, तो तक्त्यातला आकडा) ३० नमुन्यांना सुमारे २.५५ असतो. ०.२५ गुणिले २.५५ म्हणजे ०.६४. पट्टा ९.३८ ते १०.६६, म्हणजे ९ ते ११च्या आत. अर्ध्या नमुन्यांत तेवढाच दावा करता आला. अट एकच, आकडे नॉर्मल वितरणात बसतात हे आधी तपासायचं.

नमुने कुठून उचलले हेही लिहा. मोल्ड चार कॅव्हिटीचा (एका वेळी चार पीस बनवणाऱ्या चार साच्यांचा) असेल आणि सगळे पीस एकाच कॅव्हिटीतले असतील तर ५९ला फारसा अर्थ उरत नाही.

फिक्स्चर

फिक्स्चर म्हणजे चाचणीत पीस पकडणारी आणि त्यावर लोड देणारी मांडणी. इंटर्नच्या हाती पूर्ण मालकीने येणारं काम बहुतेक वेळा हेच असतं, आणि मेकॅनिकलवाल्याला इथेच चमकता येतं.

पेनचं आयुष्य काढू. दिवसाला चार इंजेक्शनं आणि प्रत्येकाआधी हवा काढायला एक दाब, म्हणजे आठ दाब. तीन वर्षांचे ८,७६०. दर सहा सेकंदांना एक दाब दिला तर साडेचौदा तासांत काम संपतं. मग एका रात्रीत उरकायचं का? जपून. प्लास्टिकवर प्लास्टिक घासलं की उष्णता निर्माण होते आणि ती जायला वेळ मिळाला नाही तर झीज वेगळ्याच पद्धतीने होते. आधी दोन-चार पीस सावकाश आणि दोन-चार जलद चालवून झीज सारखीच दिसते का ते पाहा, मग वेग ठरवा.

दुसरी अडचण : ३ मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिटच असतात. ८,७६० दाबांसाठी ती सारखी बदलत बसलं तर एक माणूस त्यातच जाईल. म्हणून कार्ट्रिजच्या रबरी दट्ट्याइतकाच विरोध करणारा डमी लोड बसवतात आणि ठरावीक टप्प्यांवर खरं कार्ट्रिज लावून डोस मोजतात. डमीचा विरोध खऱ्याइतका आहे हे मोजून लिहून ठेवावं लागतं, नाहीतर ऑडिटर पहिला तोच धागा ओढतो.

बटण दाबायला न्यूमॅटिक सिलिंडर स्वस्त पडतो, पण स्ट्रोकच्या शेवटी तो आपटतो. अंगठा तसा आपटत नाही. कुशन असलेला सिलिंडर घ्या किंवा सर्व्हो ॲक्च्युएटर मागा. लोड सेल आणि बटण एका रेषेत नसतील तर बाजूचा जोर लागून रॅचेटचा दात एका अंगाने झिजतो. मग तुटतो पीस, आणि दोष असतो रिगचा. त्यासाठी मध्ये फ्लोटिंग जॉइंट (रेषेतला थोडा फरक सामावून घेणारा सांधा) बसवा. माणूस मात्र बटण थोडं तिरकंच दाबतो. ते तपासायचं तर तिरक्या दाबाची वेगळी चाचणी कोन ठरवून लिहा, रिगच्या ढिलाईवर सोडू नका.

पकडण्यासाठी व्हाइसचे जबडे थेट बॉडीवर आवळू नका, मोल्डेड बॉडी दबते आणि आतला स्क्रू जाम होतो. बॉडीच्या आकाराचं नेस्ट बनवा. हालत्या भागांना गार्ड आणि इंटरलॉक (गार्ड उघडला की रिग बंद पाडणारा स्विच) हवेतच. सुई लावलेली असेल तर सुईच्या बाजूला हात जाणारच नाही अशी मांडणी करा.

मापनावर भरवसा आहे का

खरी चाचणी सुरू करण्याआधी गेज आर अँड आर, म्हणजे मापनच किती बदलतं याची तपासणी, करा : दहा पीस, तीन माणसं, प्रत्येकाची दोन किंवा तीन रीडिंग. मापनामुळे येणारा फरक एकूण फरकाच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. ३० टक्क्यांच्या वर गेला तर आधी पद्धत सुधारा. डोस वजनाने मोजताना ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू लागतो. एसीचा झोत, सुईच्या टोकाला लटकलेला थेंब आणि बाष्पीभवन हे तिन्ही मिळून तुमचा निकाल बिघडवू शकतात. थेंब कसा टिपायचा हेसुद्धा प्रोटोकॉलमध्ये एका वाक्यात असलं पाहिजे. कॅलिब्रेशनचं स्टिकर रोज बघा. मुदत काल संपली असेल तर आजची सगळी रीडिंग वादात सापडतात.

नोंदी

शाईच्या पेनने लिहा. चूक झाली तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर लॅबच्या आसपासही नको. चिठ्ठीवर लिहून संध्याकाळी वहीत ‘फेअर’ करायची कॉलेजातली सवय पहिल्याच दिवशी सोडा. इथे पहिल्यांदा लिहिलेला कागद हाच पुरावा असतो, चहाचा डाग पडला तरी. रात्री वीज गेली, चेंबरचं तापमान दोन तास घसरलं, तर ते लपवायचं नाही. डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपासून झालेला फरक) म्हणून नोंदवायचं आणि परिणाम काय झाला असेल ते लिहायचं.

पीस तुटला की

पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. रिग थांबवा, काउंटर वाचा, पीस आहे त्या जागी असतानाच फोटो घ्या. तुटलेली तोंडं एकमेकांना जुळवून ‘बसतात का’ बघण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याने फ्रॅक्चरच्या पृष्ठभागावरच्या बारीक खुणा पुसल्या जातात. तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, नंबर घाला. उघडण्याआधी एक्स-रे किंवा सीटी स्कॅनची सोय असेल तर ती वापरा, कारण एकदा उघडलं की आत कोणता पार्ट कुठे होता ते परत कळत नाही.

मग साध्या मायक्रोस्कोपखाली. धातूत भेग एका बिंदूतून निघून लाटांसारख्या रेषा दिसल्या तर फटीगचा संशय घ्या. प्लास्टिक वाकलेल्या जागी पांढुरकं झालं असेल तर तिथे जास्त ताण आला होता. भेग मोल्डच्या वेल्ड लाइनवरून (वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह जिथे मिळतात त्या रेषेवरून) गेली असेल तर डिझाइनपेक्षा मोल्डिंगकडे बघा. हे पीस रुग्णाकडून परत आलेले असतील तर निर्जंतुकीकरणाचा कागद हातात आल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही, मग कुणी कितीही घाई करो.

बिघाडाच्या सायकल जमल्या की वायबुल प्लॉट काढा. पाच पीस फेल झाले असतील तर त्यांना मीडिअन रँक देतात : क्रमांकातून ०.३ वजा करायचे आणि एकूण नमुने अधिक ०.४ने भागायचं. म्हणजे १३, ३१.५, ५०, ६८.५ आणि ८७ टक्के. रेषेचा उतार, म्हणजे बीटा, एकच्या खाली असेल तर सुरुवातीचेच पीस गळतायत, बहुधा जोडणीत दोष. एकच्या जवळ असेल तर अपघाती. एकच्या बराच वर असेल तर झीज. दोन वेगळ्या कारणांनी तुटलेले पीस एकाच रेषेवर टाकू नका. रेषा येईल, पण तिला अर्थ नसेल. न तुटलेले पीसही हिशेबात धरायचे असतात.

शेवटचे पंधरा दिवस

रिपोर्ट लिहायला तीन दिवस पुरतील असं वाटतं, पण परीक्षण आणि सह्यांना दोन आठवडे सहज जातात. निष्कर्ष एका वाक्यात वर लिहा : कोणत्या आवृत्तीच्या ड्रॉइंगचे, किती पीस, कोणत्या खात्रीने, कोणत्या हद्दीत. ‘चाचणी यशस्वी झाली’ हा निष्कर्ष नाही. फेल झालेले पीस आणि डेव्हिएशन परिशिष्टात दडवू नका. परीक्षक ते आधी शोधतात.

कंपनीतली ड्रॉइंग, आकडे, फोटो बाहेर न्यायचे नाहीत. फोनमध्ये घेतलेला एखादा ‘आठवण म्हणून’ फोटोसुद्धा नाही. पुढच्या मुलाखतीसाठी काय सांगता येईल हे मेंटॉरशी बोलून लेखी ठरवून घ्या. पद्धत सांगता येते, उपकरण आणि निकाल सांगता येत नाहीत. आणि निघण्याआधी रिगचं एक पान करून ठेवा : कोणता सील किती सायकलनंतर बदलायचा, लोड सेलची केबल कुठे घासते, रीसेट कसं करायचं. जूनमध्ये येणारा इंटर्न आधी तेच शोधेल.